रॉजर टचस्क्रीन माइक: पन्नास मुलांच्या वर्गात कितपत उपयोगी?

फोनॅक कंपनीचा रॉजर टचस्क्रीन माइक म्हणजे शिक्षकांनी गळ्यात घालायचा वायरलेस माइक. शिक्षकांचा आवाज तो थेट मुलाच्या श्रवणयंत्रात किंवा कॉक्लिअर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं साधन) प्रोसेसरमध्ये पोहोचवतो. सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या कर्णबधिर मुलांसाठी आज जी साधनं मिळतात, त्यांत आम्हाला हे सगळ्यांत भरवशाचं वाटतं. मात्र दोन गोष्टी आधी हव्यात. मुलाचं मूळ मशीन ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) नीट लावून घेतलेलं हवं आणि शाळेत रोज सकाळी पाच मिनिटं तपासणी करणारी एक व्यक्ती ठरलेली हवी. त्या नसतील तर पैसा आणि वेळ आधी तिकडे घाला, माइकचं नंतर बघा.

श्रवणयंत्र लावलं की मुलाला ऐकू येतं, मग हा वेगळा खर्च कशाला, असं पालक विचारतात आणि ते रास्तच आहे. अडचण अंतराची आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनी उतरतो. तोंडापासून 20 सेंटिमीटरवर जो आवाज असतो, तो 3.2 मीटरवर म्हणजे तिसऱ्या-चौथ्या बाकापर्यंत 24 डेसिबलनी कमी झालेला असतो. वर्गाच्या चार भिंतींत तो इतका पडत नाही, पण जो उरतो त्यात भिंतीवरून परतलेला घुमाच जास्त असतो. श्रवणयंत्र हा घुमा, पंख्याची घरघर आणि शेजारच्या वर्गातले पाढे शिक्षकांच्या आवाजाबरोबरच मोठे करतं. अशा मुलाला बोलणं समजायला शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा निदान 15 डेसिबल वर असावा लागतो. अमेरिकेत रिकाम्या वर्गासाठी 35 डेसिबल गोंगाट आणि 0.6 सेकंद घुमा अशी मर्यादा ठरवलेली आहे. पत्र्याचं छप्पर, रस्त्याकडच्या उघड्या खिडक्या आणि छतापर्यंत न पोहोचणारी मधली भिंत असलेल्या वर्गात ती कुठून पाळली जाणार? म्हणून माइक तोंडाजवळ न्यायचा.

मराठीत याचा फटका नेमका कुठे बसतो ते गणिताच्या तासाला दिसतं. ‘स’ हा बारीक, उंच पट्टीतला आवाज लांबून सगळ्यांत आधी गळतो. मग ‘साठ’चं ‘आठ’ होतं आणि ‘सात’चं ‘आत’. मूल आठ लिहितं, गणित चुकतं आणि शेरा पडतो ‘लक्ष नाही’. ‘काय केलंस’, ‘कधी आलास’ यांतला शेवटचा ‘स’ही असाच जातो. तो कानावर पडलाच नाही तर मुलाच्या बोलण्यातही येत नाही.

रॉजरची जमेची बाजू म्हणजे आसपासचा गोंगाट साधारण 57 डेसिबलच्या वर गेला की शिक्षकांचा आवाज आपोआप वाढतो. याच कामाच्या जुन्या एफएम यंत्रांना चॅनल सांभाळावे लागत, शेजारच्या वर्गाचा आवाज घुसायचा. रॉजर 2.4 गिगाहर्ट्झवर सतत वारंवारता बदलत चालतो, त्यामुळे दोन वर्गांत दोन माइक असले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. कर्णबधिर विद्यालयांत खोलीभोवती तार फिरवून केलेल्या लूपची गुणगुण इथे नाही आणि शेजारच्या खोलीत आवाज झिरपण्याचा प्रश्नही नाही.

खरी गुंतागुंत रिसीव्हरची. माइक एकटा काही करत नाही, मुलाच्या कानाशी त्याचा आवाज घेणारा रिसीव्हर लागतो. फोनॅकच्या मार्व्हल आणि त्यानंतरच्या अनेक मॉडेलांत तो यंत्राच्या आतच बसवता येतो, बाहेर काही लोंबत नाही. इतर कानामागच्या यंत्रांना खाली ऑडिओ शू (जोडणीचा छोटा तुकडा) लावून त्यात तीन पिनांचा रॉजर एक्स बसवतात. इम्प्लांटसाठी प्रोसेसरप्रमाणे वेगळे रिसीव्हर आहेत: कॉक्लिअर कंपनीच्या न्यूक्लिअस 7 ला रॉजर 20, मेडेलच्या सॉनेटला रॉजर 21, अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्सच्या नायडा क्यू मालिकेला रॉजर 17. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. सरकारी योजनेतून मिळालेल्या यंत्रांपैकी काहींना ऑडिओ शूची सोयच नसते. टेलिकॉइल (लूपचे चुंबकीय संकेत पकडणारी यंत्रातली तारेची गुंडाळी) असेल तर गळ्यात घालायचा लूप रिसीव्हर वापरता येतो, पण मग यंत्र नुसत्या ‘टी’वर (फक्त टेलिकॉइल) नको, ‘एमटी’वर (यंत्राचा माइक आणि टेलिकॉइल दोन्ही) हवं. नुसत्या ‘टी’वर मुलाला स्वतःचा आणि शेजारच्या मित्राचा आवाज येत नाही. माइक मागवण्याआधी यंत्रावरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून द्या. कंपनीचं नाव सांगून भागत नाही.

रिसीव्हर बसला की काम संपलं असं समजू नका. ऑडिओलॉजिस्टने टेस्ट बॉक्समध्ये (यंत्राचा आवाज मोजायच्या पेटीत) 65 डेसिबलचा आवाज एकदा यंत्राच्या माइकला आणि एकदा रॉजरला द्यायचा आणि दोन्ही वेळा कानाकडे जाणारा आवाज 2 डेसिबलच्या आत जुळतो का ते पाहायचं. जुळत नसेल तर रिसीव्हरची पातळी कमीजास्त करतात. हे केलं नाही तर एक तर शिक्षक दबतात, नाही तर मुलाला स्वतःचं बोलणं ऐकू येईनासं होतं. या मापाची छापील प्रत मागून घ्या.

आता रोजच्या पाच मिनिटांकडे. आधी मोल्ड (कानात बसणारा साचा) आणि त्याला यंत्राशी जोडणारी ट्यूब बघा. मळ अडकलाय का, ट्यूब पिवळी आणि कडक झालीय का, पावसाळ्यात आत पाण्याचे थेंब आहेत का. थेंब असतील तर मोल्ड यंत्रापासून सोडवून ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, ओल वाढते. मग सेल. 13 नंबरच्या सेलवर नारिंगी आणि 675 वर निळी पट्टी असते. पट्टी काढल्यावर पाच मिनिटं हवा लागू द्या, मगच सेल आत घाला. बाहेरून जोडलेला रिसीव्हर यंत्राच्याच सेलवर चालतो आणि सेल उतरायला लागला की आधी रिसीव्हर बंद पडतो. यंत्र चालू असतं, मूल हाकेला ओ देतं, माइक मात्र पोहोचत नाही. ‘रॉजर बिघडला’ अशी तक्रार आली की सगळ्यात आधी सेल बदलून बघा. जादा सेलची पट्टी दप्तरात नव्हे, वर्गशिक्षकांच्या कपाटात ठेवा.

यानंतर स्टेटोक्लिप (यंत्र ऐकायची स्टेथोस्कोपसारखी नळी) लावून यंत्र स्वतः ऐका. खरखर किंवा तुटक आवाज फक्त असाच पकडता येतो. मग अशा तपासणीसाठी डॅनियल लिंग यांनी ठरवलेले सहा ध्वनी: म, ऊ, आ, ई, श, स. आधी माइक बंद ठेवून एक मीटरवरून म्हणा, मुलाने उच्चारून दाखवायचं. पाठ करून ठेवलेला क्रम ते ओळखेल म्हणून क्रम बदला आणि मध्ये थोडा वेळ गप्प राहा. हाताने तोंड झाकू नका, ‘स’ आणि ‘श’ दबतात. मुलाच्या बाजूला किंवा मागे उभं राहा. आता माइक चालू करा, रिसीव्हर माइकच्या 10 सेंटिमीटरच्या आत धरून स्क्रीनवरचं कनेक्ट दाबा आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून तेच सहा ध्वनी हळू आवाजात म्हणा. लांबून ‘स’ आला तर दिवस सुरू करायला हरकत नाही. माइकशिवाय आला आणि माइकवर आला नाही तर दोष माइक, रिसीव्हर किंवा जोडणीत आहे. दोन्हीकडे आला नाही तर मोल्ड, सेल, यंत्र किंवा मुलाचा कान. सर्दीत कानात पाणी साचलेलं या तपासणीत बऱ्याचदा लक्षात येतं.

माइक कुठे घालायचा? छातीच्या मधोमध, तोंडापासून सुमारे 20 सेंटिमीटरवर, माइकचं तोंड वर. दोरी लांब ठेवली की तो पोटावर येतो आणि निम्मा फायदा जातो. साडीचा पदर किंवा ओढणी वरून आली की प्रत्येक हालचालीला घासल्याचा आवाज थेट मुलाच्या कानात जातो. मंगळसूत्र किंवा ओळखपत्र माइकवर आपटतं तेव्हा मुलाला टणटण ऐकू येते. मुलं हे सांगत नाहीत, नुसतं यंत्र काढून ठेवतात. मंगळसूत्र आत सरकवा, ओळखपत्र कमरेला अडकवा. एवढी छोटी गोष्ट, पण मुलाने माइक नाकारण्याचं कारण आम्हाला बहुतेक वेळा इथेच सापडतं.

यानंतर म्यूट. माइक म्यूट असताना दिवा लाल होतो. शिक्षक एखाद्याची वही वैयक्तिक तपासत असतील, दारात पालकांशी बोलत असतील किंवा स्टाफरूममध्ये गेले असतील, तर म्यूट करायलाच हवं. नाही तर मुलाच्या कानात नको ते बोलणं येत राहतं आणि शेजारचा मित्र काय म्हणतोय ते बुडतं. उलटी चूक जास्त महागात पडते. म्यूट केला आणि पुन्हा चालू करायचा राहिला, की मूल पूर्ण तास मान डोलावत बसतं. उपाय साधा आहे: ‘दिवा लाल आहे’ असं शिक्षकांना सांगायचा हक्क मुलाला पहिल्याच दिवशी द्या. पहिलीच्या मुलालाही हे जमतं. हायस्कूलमध्ये दर तासाला शिक्षक बदलतात, तिथे माइक पुढच्या शिक्षकांच्या हातात देण्याची जबाबदारी मुलानेच घ्यावी.

या माइकला मांडणीप्रमाणे आपोआप बदलणारे तीन प्रकार आहेत. गळ्यात घातला की तो शिक्षकांचं ऐकतो. टेबलावर आडवा ठेवला की भोवतालच्या चार-पाच मुलांचं. हातात धरून समोर रोखला की त्या दिशेचं. पहिला प्रकार उत्तम. दुसरा गटकार्यासाठी चांगला आहे, पण मुलं खरोखर टेबलाभोवती बसली तरच. आपल्याकडे लांब लोखंडी बाकांच्या रांगा असतात, बाकावर ठेवलेल्या माइकमध्ये पट्टी आपटल्याचा आवाजच जास्त येतो. जमिनीवर सतरंजीवर गोल करून बसलेल्या गटात मात्र छान चालतो. रोखून धरण्याचा प्रकार भरल्या वर्गात फारसा उपयोगी नाही, कारण बोलणाऱ्याच्या मागच्या रांगेतलेही त्याच दिशेत येतात. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर शिक्षकांनी एकदा स्वतः म्हणून दाखवावं. वर्गातल्या इतर मुलांनाही त्याचा फायदाच होतो. पास-अराउंड नावाचा दुसरा हातातला माइक याच जाळ्यात जोडता येतो. चर्चा भरपूर होणाऱ्या वर्गात तो सुखाचा आहे, पण पहिल्याच खरेदीत घेण्याची गरज नाही.

स्मार्ट बोर्ड किंवा संगणकावरचा धडा ऐकवायचा तर माइकला 3.5 मिमीची केबल लावता येते. इथे एक घोळ हमखास होतो: केबल संगणकाच्या हेडफोनच्या जागी लावली की संगणकाचे स्पीकर बंद पडतात आणि उरलेला वर्ग ओरडतो. दोन तोंडांचा स्प्लिटर घ्या, एक स्पीकरला, एक रॉजरला. परिपाठाला मैदानावर बोलणाऱ्याने शाळेच्या माइकबरोबर रॉजरही तोंडाजवळ धरावा. भोंग्यातून येणारा आवाज मुलाला नुसता मोठा वाटतो, समजत नाही.

पूर्ण शाळेचा दिवस एका चार्जिंगवर निघतो, मात्र रात्री चार्ज झालेला असेल तर. जिथे वीज जाते तिथे माइक घरी न्यायचा की शाळेत ठेवायचा हे पालक आणि शाळा यांनी आधीच ठरवावं. चार्जिंगचं छिद्र मायक्रो यूएसबीचं आहे, खडूची धूळ आणि घाईने उलटी खुपसलेली पिन यांनी ते सैल होतं. एकच केबल, एकच व्यक्ती, एकच जागा.

किंमत ही सगळ्यात मोठी अडचण. माइक, प्रत्येक कानाचा रिसीव्हर आणि ऑडिओ शू असे तीन खर्च धरावे लागतात. दोन्ही कानांना यंत्र असेल तर दोन रिसीव्हर घ्या. एकच घेऊन पैसे वाचवलेत तर एका कानात शिक्षक आणि दुसऱ्यात गोंगाट अशी स्थिती होते. मुलाच्या यंत्राच्या कंपनीचा स्वतःचा छोटा माइक मिळत असेल, जसा कॉक्लिअर कंपनीचा मिनी मायक्रोफोन, तर एकच मूल आणि एकच शिक्षक असलेल्या प्राथमिक वर्गात त्यावर भागतं. शाळेत दोन-तीन कर्णबधिर मुलं वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं लावत असतील तर रॉजरच घ्या, एका माइकवर सगळी जोडता येतात.

माइक आला म्हणून मुलाला मागच्या बाकावर हलवू नका. दुसरी रांग, चांगला कान वर्गाकडे आणि पंख्याच्या थेट खाली नाही, हे तसंच राहू द्या. ओठ वाचायला चेहरा दिसावा लागतोच.

कोटेशन घेताना माइक, रिसीव्हर, शू, बसवण्याची आणि मापाची फी असे वेगळे आकडे लिहून मागा. वॉरंटी रिसीव्हरची किती आणि माइकची किती ते विचारा आणि दुरुस्तीला गेला तर तोवर दुसरा मिळतो का तेही. ट्रायल मागा, आणि ती क्लिनिकच्या शांत खोलीत किंवा घरी नको. निदान आठवडाभर त्याच वर्गात, त्याच शिक्षकांच्या गळ्यात, पंखे चालू ठेवून घ्या. रोज दहा आकड्यांचं श्रुतलेखन माइक लावून आणि न लावता करा, आकड्यांत साठ, आठ, सात, सोळा नक्की घाला. दोन्हीच्या वह्या घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा आणि मगच पैसे भरा.