लेबलं पाच, माल एकच: कांद्याच्या मुळाचा स्लाइड संच पावसाळा काढल्यावर

आधी तक्रार. संचात इंटरफेज (दोन विभाजनांमधला काळ) आणि पेशीविभाजनाच्या प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज या अवस्था अशी पाच लेबलं, आणि पाचही काचांवर कांद्याच्या मुळाच्या टोकाचा तोच उभा छेद. मुळातल्या पेशी कवायतीसारख्या एकदम मेटाफेजला येत नाहीत. कुठल्याही चांगल्या छेदात सगळ्या अवस्था सापडतात, आणि बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच. म्हणजे एका स्लाइडचे पैसे पाचदा. म्हापशात, पणजीत कुठेही घ्या, सुटी एकच मागा. ‘ॲनाफेज’च्या काचेवर तर नुसत्या लांबट पेशी, विभाजनाचा पत्ता नाही! ते दिसतं मूळटोपीमागच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये.

लेबल सोडा, गुणसूत्रं बघा. 10एक्सवर चौकोनी पेशींचा गडद पट्टा शोधा, मग 40एक्स. केंद्रकात दोऱ्यांचा गुंता असेल तर प्रोफेज. खरा घोळ मेटाफेजचा. बाजूने गुणसूत्रं मध्यावर रांगेत दिसतात, पण ध्रुवाकडून, म्हणजे पेशीच्या टोकाकडून, तीच पसरट कड्यासारखी, आणि बारावीची मुलं बेधडक प्रोफेज लिहून मोकळी. केंद्रकाची कड गेली, केंद्रिका (केंद्रकातला गडद ठिपका) नाही, गुणसूत्रं आखूड, जाड आणि सुटी, तर ते मेटाफेजच. ॲनाफेजला गुणसूत्रांचे दोन गट, त्यांचे बाहू मागे लोंबणारे. ही अवस्था झटपट उरकते म्हणून पेशी मोजक्याच. गट टोकांशी गोळा होऊन मधे पेशीपट्टिकेची, म्हणजे होऊ घातलेल्या नव्या भिंतीची, रेघ आली की टेलोफेज.

दोनच स्टार ठरले होते. पण पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरली तरी या काचांचा रंग उतरला नाही, म्हणून तीन.

16 गुणसूत्रं मोजायला मात्र हा संच कुचकामी, छेद घेताना ती कापली जातात. त्यासाठी स्क्वॅशच हवा, म्हणजे मुळाचं टोक काचेवर दाबून पसरवलेली स्लाइड. पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवलेल्या बेगमीच्या) माळेतला कांदा घ्या, जुनी मुळं खरवडून बूड पाण्याला टेकवा. मुळं दोन सेंटिमीटर झाली की सकाळी कापून एक भाग ॲसिटिक आम्ल, तीन भाग अल्कोहोलमध्ये दिवसभर ठेवा. मग नऊ थेंब ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवणारा रंग), एक थेंब 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. दिव्यावर गरम करा, उकळू देऊ नका. रंग फिका वाटला तर लोखंडी सुईने ढवळा, लोहामुळे तो गडद होतो. जुलैत गोव्यात गंजकी सुई शोधावी लागत नाही. शेवटचा दोन मिलिमीटरचा तुकडाच घ्या, ब्लॉटिंग पेपरवरून अंगठा सरळ दाबा. कव्हरस्लिप सरकली की गुणसूत्रांचा चोळामोळा. कडेने नेलपॉलिश लावलं की प्रात्यक्षिकापुरती टिकते.