दाजींचं कोल्ट पिस्तूल: हात न लावता लिहिलेला रिव्ह्यू

आधीच कबूल करतो, ज्या वस्तूचा हा रिव्ह्यू आहे तिला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. पण चार संध्याकाळी भिंग घेऊन वीतभर अंतरावरनं बघितलीय, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात सव्वीस वर्षं लेथ-मिलिंगवर घातलेल्या माणसाला वीतभर अंतरावरनं बरंच काय काय दिसतं, त्यामुळं लिहितोय.

झालं असं की गेल्या वर्षी ताईकडं टेक्सासला गेलतो. दाजी तिथं कॉम्प्युटरमध्ये आहेत, माणूस शांत, शाकाहारी, आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोललेला नाही, आणि पन्नाशी झाल्यावर ह्या माणसाला नाद लागला जुन्या पिस्तुलांचा. हॉलमध्ये जिथं ताईला अंबाबाईचा मोठा फोटो लावायचा होता बरोब्बर त्या जागी आता अक्रोडी लाकडाची, वर काच असलेली पेटी उभी आहे, आणि पेटीत ते. कोल्ट कंपनीचं १९११ मॉडेल, पॉइंट ४५ म्हणजे ०.४५ इंची नळीचं, पण साधं नव्हे, स्मरणार्थ काढलेलं. कोल्टनं १९६७ ते १९६९ ह्या काळात पहिल्या महायुद्धातल्या चार अमेरिकन लढायांच्या नावानं चार पिस्तुलं काढली, शातो-तिएरी, बेलो वुड, मार्नची दुसरी लढाई आणि म्यूज-आर्गॉन. साध्या ग्रेडचे प्रत्येकी ७४०० नग, त्याच्यावरचे भारी ग्रेड अगदी मोजके. दाजींचं म्यूज-आर्गॉनचं आहे, साध्या ग्रेडचं.

मी आपला सवयीनं हात पुढं केला तर दाजी म्हणाले थांब. एक तर मी टुरिस्ट व्हिसावर, तसल्या माणसाच्या हातात पिस्तूल द्यायचं म्हणजे तिथल्या कायद्यात भानगड आहे म्हणे, आणि दुसरं म्हणजे बोटाचा घाम लागला की ब्लूइंगवर, म्हणजे पोलादाच्या निळसर झिलईवर, डाग पडतो. स्वतः पांढरे सुती हातमोजे घालून त्यांनी ते बाहेर काढलं, आपल्या सोनाराकडं हिऱ्याची कुडी दाखवतात तसं. मी हात मागं बांधून उभा. शाळेच्या सहलीत न्यू पॅलेसचं म्युझियम बघताना गुरुजी असंच उभं करायचे, त्याची आठवण झाली.

आता जॉबबद्दल, म्हणजे पिस्तुलाच्या कारागिरीबद्दल. फिनिश नंबर एक. निळसर काळा रंग म्हणजे रंग नव्हेच तो, पोलादालाच आणलेली छटा, आणि ती खुलायची तर खालचं पॉलिश तसं लागतं. पॉलिशवाल्यानं कडा गोल केलेल्या नाहीत, हे बघून मी दाजींना म्हटलं ह्या माणसाचा पत्ता द्या. ज्यानं बफ मारायला पोरगं ठेवलंय त्याला कळंल मी काय म्हणतोय, सपाट जागा सपाट ठेवून धार तशीच ठेवणं हे शंभरात दोघांना जमतं. स्लाइड म्हणजे वरचा मागं-पुढं सरकणारा भाग, तो आणि खालची फ्रेम ह्यांच्या मधली रेघ बघितली, एकसारखी, कुठं दातरी नाही. नक्षी मात्र मला एवढी नाही भावली. सगळीकडं एकच खोली, एकच दाब, मशीनची वाटते. फोटो काढून हुपरीतल्या एका चांदीवाल्या दोस्ताला पाठवला, तो तीन मिनिटं काहीच बोलला नाही आणि मग एवढंच लिहिलं, "हात थरथरल्याली एक रेघ दाखव." हे बरोबर पकडलं त्यानं. ज्यांना हातची नक्षी पायजे त्यांनी वरच्या ग्रेडकडं बघावं, ज्यांना लढाईचं नाव आणि कोल्टचं घोड्याचं चिन्ह पायजे त्यांना हे पुरे.

पेटीची एक बिजागरी ढिली होती आणि आतलं मखमल एका कोपऱ्यात उठलेलं. ती करामत विकणाऱ्याची. दाजींनी ऑनलाइन लिलावात घेतलं, जाहिरातीत लिहिलेलं 'एकदम नव्यासारखं', फोटो नेमका तो कोपरा सोडून काढलेला. विचारलं तर उत्तर काय, पन्नास वर्षांची पेटी आहे, तेवढं चालायचंच. मग नव्यासारखं कशाला लिहितोस बाबा. पापाच्या तिकटीला जुनी भांडी विकणारा पण पोचा आधी दाखवतो आणि मग भाव बोलतो.

लढाईचं सांगतो थोडं, कारण नावावरच सगळे पैसे आहेत. म्यूज-आर्गॉन म्हणजे २६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर १९१८, युद्ध संपेपर्यंत चाललेली अमेरिकेची मोठी मोहीम. ८ ऑक्टोबरला टेनेसीच्या डोंगरातला ॲल्विन यॉर्क नावाचा एक साधा गडी, धार्मिक, आधी युद्धावर जायलाच तयार नव्हता, त्यानं आणि त्याच्या मूठभर साथीदारांनी १३२ जर्मन पकडून आणले. मधे सहा जण संगीन लावून त्याच्यावर धावून आले तेव्हा त्यानं पॉइंट ४५ पिस्तूल काढलं आणि सगळ्यात मागच्याला आधी मारलं, मग त्याच्या पुढच्याला, कारण पुढचा पडला तर मागचे सावध होतात. गावाकडं रानटी टर्की असंच मारायचो म्हणे. आमच्याकडं डुकराच्या पारधीला जाणारी म्हातारी माणसं हे ऐकून मान हलवतील.

हे ऐकताना मला राहून राहून सैनिक टाकळी आठवत होती. शिरोळ तालुक्यातलं गाव, घरटी एक माणूस फौजेत. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमाराला १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या, १४७ दिवस, शेवटी घोडी खायची वेळ आली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यांच्या नावाची मखमली पेटी काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दाजी म्हणाले, ह्यात कोल्टचा काय दोष? दोष नाहीच, आपलं सुचलं ते बोललो.

बरं, कंपनीचा इतिहास. हा भाग मला पिस्तुलापेक्षा आवडला आणि ह्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. सॅम्युअल कोल्ट, जन्म १८१४, गाव हार्टफर्ड, कनेटिकट. सोळाव्या वर्षी, १८३० ला, हे पोरगं बोस्टनहून जहाजावर चढलं आणि कुठं आलं तर कलकत्त्याला! त्या कॉर्व्हो नावाच्या जहाजावरच त्यानं फिरत्या चेंबरच्या पिस्तुलाचं, म्हणजे रिव्हॉल्व्हरचं, लाकडी मॉडेल कोरलं. म्हणजे आमच्या भाषेत पॅटर्न आधी झाला, भांडवल नंतर. आणि भांडवल कसं उभं केलं तर गावोगाव फिरून लोकांना हसवणारा वायू हुंगवायचे तिकिटाचे खेळ करून, स्वतःला डॉक्टर म्हणवून, आडनावाचं स्पेलिंग जरा बदलून. लई खटपट्या माणूस. १८३६ ला अमेरिकन पेटंट, न्यू जर्सीत पॅटरसनला पहिला कारखाना, आणि १८४२ ला तो बुडाला.

मग १८४७ ला अमेरिकन फौजेतला कॅप्टन वॉकर आला, सरकारची १००० रिव्हॉल्व्हरची ऑर्डर मिळाली, आणि कोल्टकडं तेव्हा कारखानाच नाही! ऑर्डर घेतली आणि माल करून घेतला कापसातली सरकी काढायचं मशीन काढणाऱ्या एलाय व्हिटनीच्या पोराच्या शेडमध्ये. हे वाचून मी मोठ्यानं हसलो, ताई स्वयंपाकघरातनं बघायला आली काय झालं म्हणून. ऑर्डर आपली, मशीन दुसऱ्याचं, डिलिव्हरीची तारीख देवाच्या हातात, अहो निम्मं उद्यमनगर असंच उभं राहिलंय.

पुढं हार्टफर्डला स्वतःचा कारखाना, १८५५ ला कंपनी, छपरावर कांद्याच्या आकाराचा निळा घुमट आणि त्याच्यावर उधळलेलं शिंगरू. पण कोल्टपेक्षा माझा हिरो दुसराच, एलिशा रूट. कुऱ्हाडी करणाऱ्या कंपनीतनं कोल्टनं उचललेला माणूस. त्यानं फोर्जिंगचे हॅमर बसवले, प्रत्येक ऑपरेशनला वेगळं मशीन, पार्ट धरायला जिग-फिक्स्चर, मापायला गेज, म्हणजे ह्या पिस्तुलाचा पार्ट त्या पिस्तुलात कानस न मारता बसला पायजे ही धडपड. पूर्ण साधलं असं नाही, फिटर लागायचेच, पण दिशा ती. ह्याच कारखान्यात फ्रान्सिस प्रॅट आणि एमॉस व्हिटनी कामाला होते, त्यांनी १८६० ला स्वतःचं मशीन टूलचं दुकान टाकलं, तेच ते प्रॅट अँड व्हिटनी, आज विमानाच्या इंजिनावर दिसणारं नाव. ऑटोमॅटिक स्क्रू मशीन काढणारा ख्रिस्तोफर स्पेन्सर पण कोल्टमधलाच. शिरोली-गोकुळ शिरगावात आज जी पोरं व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर बसून रिजेक्शन मोजतात त्यांची वंशावळ शोधत गेलं तर एक फांदी त्या निळ्या घुमटाखाली जाते, माझं तरी असं मत झालंय.

कोल्ट १८६२ ला गेला, फक्त ४७ वर्षांचा. १८६४ ला कारखाना जळाला. बायको एलिझाबेथ, तिनं परत बांधला, घुमटासकट, आणि १९०१ पर्यंत कंपनी तिच्या घराच्या हातात राहिली. तिच्या नावाचं एखादं पिस्तूल काढायला पायजे होतं खरं तर.

१९११ मॉडेल कोल्टनं केलं, पण डोकं जॉन ब्राउनिंगचं. लष्कराच्या टेस्टला ६००० गोळ्या झाडल्या, गरम झालं की पाण्यात बुडवायचं आणि परत सुरू, एकदाही अडकलं नाही. २९ मार्च १९११ ला मंजूर झालं आणि १९८५ पर्यंत अमेरिकन फौजेचं मुख्य पिस्तूल राहिलं. दाजींकडं ह्याच मॉडेलचं दुसरं एक साधं, घासून पांढरं पडलेलं, कुणा सैनिकाचं असावं असं पिस्तूल आहे. ते त्यांनी डायनिंग टेबलावर रिकामं करून उघडून दाखवलं, पाना-स्क्रू ड्रायव्हर काहीही न घेता. नळीच्या पाठीवर दोन-तीन कंगोरे, ते स्लाइडच्या आतल्या खाचांत अडकलेले. गोळी सुटली की दोघं मिळून थोडं मागं येतात, मग खालची एवढीशी लिंक नळीची मागची बाजू खाली ओढते, कंगोरे सुटतात, स्लाइड एकटी मागं जाते, पुंगळी बाहेर, नवी गोळी आत. चहाच्या कपाएवढ्या जागेत. मी ती लिंक बघतच बसलो. खाली कागद घेऊन स्केच काढलं, ते अजून शॉपमध्ये ग्राइंडरच्या वर चिकटवलेलं आहे.

आणि दुसऱ्या महायुद्धात मागणी वाढली तेव्हा हे पिस्तूल टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडनं केलं, रेल्वे सिग्नलवाल्या कंपनीनं केलं, आणि शिलाई मशीनवाल्या सिंगरनंसुद्धा ५०० नग केले. हो तेच सिंगर. ते ५०० आज गोळा करणाऱ्यांच्या जगात सोन्यापेक्षा महाग. आणि ७४०० नग काढलेलं, मुद्दाम 'गोळा करा' म्हणून काढलेलं हे स्मरणार्थ पिस्तूल त्या मानानं भावाला तसंच पडून राहिलं, कारण घेतलेल्या प्रत्येकानं ते जपूनच ठेवलं, तुटलं नाही, हरवलं नाही, मग दुर्मीळ कुठनं होणार. कोल्टनं पहिलं स्मरणार्थ १९६१ ला काढलं ते फक्त १०४ नग, आणि पुढं हा धंदा एवढा फुगला की प्रत्येक राज्याला, प्रत्येक वर्धापनदिनाला एक. गुंतवणूक म्हणून कुणी घेत असेल तर थांबा. त्यात अट अशी की गोळी झाडली की किंमत पडते, स्लाइड जास्त वेळा ओढली तरी पडते. महाद्वार रोडवरनं कापशी चप्पल घ्यायची, तेल न लावता काचेत ठेवायची आणि म्हणायचं नवी आहे, तसलं हे. चामडं वाळून जातंय त्याचं काय.

कंपनीचं पुढं फार बरं झालं नाही, १९८६ पासून चार वर्षं संप, २०१५ ला दिवाळखोरीचा अर्ज, २०२१ ला चेक कंपनीनं विकत घेतली. असो.

इथं कोल्हापुरात कुणी विचारंल आपल्याला मिळंल का. विसरा. परदेशी पिस्तूल आयात करणं सामान्य माणसाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे, लायसन्स असलं तरी शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी दोनच हत्यारं, त्यात वाडवडिलांचं आलेलं पण धरलं जातं. आमच्या मामांची उसाच्या रानातल्या डुकरांसाठीची बारा बोअरची बंदूक, ती दर इलेक्शनला पोलीस ठाण्यात जमा होते आणि मामा दोन महिने चिडचिड करतात. हौस भागवायची तर न्यू पॅलेसला जावा, तिथली हत्यारं वापरलेली आहेत, दिसतं ते.

परत आल्यावर शॉपमध्ये सगळ्यांना फोटो दाखवले. आमचे मिस्त्री, वय सत्तर, चष्मा कपाळावर, एकच प्रश्न. "वाजतंय का?"

म्हटलं, अजून वाजवलेलं नाही.

"मग टेस्ट न करता डिस्पॅच केलंय व्हय कंपनीनं?"

त्याला काय उत्तर देणार. कंपनी टेस्ट करूनच देते हे सांगितलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. पाचापैकी किती ते विचाराल तर पॉलिशला पाच, नक्षीला अडीच, त्या घासलेल्या साध्या पिस्तुलातल्या लिंकला सहा.

आवंदा खंडेनवमीला आम्ही नेहमीसारखं लेथ, मिलिंग, व्हर्नियर सगळं धुऊन-पुसून मांडलं, झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. दाजींनी पण तिकडनं फोटो पाठवला, पेटी, समोर झेंडूची चार फुलं, उदबत्ती, आणि ताईनं कुंकू लावलेलं. मिस्त्रींनी माझ्या हातातनं मोबाइल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितलं आणि मोबाइल परत देत म्हणाले, "कुंकू काचेवर लावलंय."