बीटलच्या इंजिनाची गरमी: पत्रे, रबर आणि यवतेश्वरचा घाट

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना तुमची जुनी फोक्सवॅगन बीटल तापत असेल, तर मागच्या, इंजिनावरच्या झाकणाला जाळ्या पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मी हिवाळ्यात काम करून घेतलं, त्यावर एक अख्खा उन्हाळा आणि निम्मा पावसाळा गाडी चालवली. फरक पडलाय, आणि तो बहुतेक सगळा स्वस्तातल्या वस्तूंनी पडलाय.

गाडी १९६८ ची, १५०० सीसी. रेडिएटर नाही, पाणी नाही. डायनामोच्या शाफ्टवरच पंखा. पट्टा डायनामो फिरवतो, त्याच्याबरोबर पंखा. मागच्या काचेखालच्या फटींतून गार हवा आत येते, पंखा ती सिलिंडरच्या फिन्सवर (बाहेरच्या पातळ पात्यांवर) सोडतो आणि तापलेली हवा खाली रस्त्याकडे निघून जाते. वरची गार आणि खालची गरम हवा एकमेकींना भेटता कामा नये, एवढीच अट. त्यासाठी इंजिनाभोवती पत्रे असतात आणि पत्रे व बॉडी यांच्या मधल्या फटीत रबर.

माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी निम्मे पत्रे काढलेले होते. उरलेल्यांना रबर असं नव्हतंच, काळी भुकटी होती. ज्या गॅरेजला पहिल्यांदा दाखवली तिथला सल्ला तर, "दादा, राहिलेले पत्रेपण काढून टाका की, इंजिनाला मोकळी हवा लागू द्या." पाण्याने गार होणाऱ्या इंजिनांवर हात बसलेल्या माणसाला हे पटतं. पण इथे पत्रा काढला की पंखा खालची तापलेली हवाच परत ओढतो, आणि जितका जोरात फिरेल तितकी जास्त ओढतो.

हे स्वतः तपासता येतं. गाडी गरम करून सुरू ठेवायची आणि पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी वरून पत्र्याच्या कडेकडेने फिरवायची. जिथे पट्टी वर उडते तिथून खालची हवा आत येते. माझ्याकडे डाव्या बाजूला, बॉडीलगत, पट्टी सरळ उभी राहायची आणि तिथे धरलेला हात भाजायचा. एकाने उदबत्तीचा धूर बघायला सांगितलं होतं. कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी वीतभर अंतरावर असताना उदबत्ती देवापुढेच बरी.

इंजिन उतरवलं. चार बोल्ट असतात, पण जॅक धरायला दोघं तरी हवेत. उतरवल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. पंख्याची हवा हीटरकडे नेणारे नळ कुणीतरी काढलेले, आणि फॅनच्या हाउसिंगवरची (पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या खोक्यावरची) त्यांची दोन्ही तोंडं उघडीच. साताऱ्यात हीटर कुणाला हवाय, हे बरोबर. पण तोंडं बंद न केल्यामुळे पंख्याची हवा भोक पडलेल्या भात्यासारखी वाया जात होती. पत्र्याच्या टोप्या करून क्लिपने आवळल्या. दुसरं, सिलिंडरच्या खाली बसणारे छोटे वळवलेले पत्रे गायब होते. हवा बॅरलला, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्याला, वळसा घालून खालच्या बाजूनेही जावी म्हणून ते असतात. ते नसले की हवा वरून येऊन सरळ खाली पडते आणि बॅरलचं पोट तापलेलंच राहतं. मूळ नमुना एका ओळखीच्याकडून आणून पत्रेवाल्याकडून तसेच वळवून घेतले.

खर्चिक भाग ऑइल कूलरचा, म्हणजे इंजिन ऑइल गार करणाऱ्या जाळीचा. जुन्या रचनेत कूलर फॅन हाउसिंगच्या आत, तीन नंबर सिलिंडरच्या बरोबर वर उभा असतो. त्यामुळे तीन नंबरला कमी हवा मिळते, आणि मिळते तीही कूलरने तापवलेली. म्हणून तोच सिलिंडर आधी जातो. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर हाउसिंगच्या बाहेर वेगळ्या खोक्यात हलवला आणि पंखा रुंद केला. हा संच मी बाहेरून मागवला. घेताना कूलरची गरम हवा बाहेर नेणारा पत्रा सोबत आहे ना, हे नक्की बघा. तो बसवला नाही, तर ती हवा इंजिनखान्यातच सुटते आणि सगळ्या खटाटोपावर पाणी.

थर्मोस्टॅट आणि इंजिन गार असताना हवा अडवणाऱ्या हाउसिंगमधल्या झडपाही परत बसवल्या. लोक हसले. पण हिवाळ्यात सकाळी गाडी लवकर जागेवर येते आणि चोक जास्त वेळ लागत नाही.

आता आकडे. डिपस्टिकच्या जागी बसणारा तापमापक लावलाय. आधी मे महिन्यात घाट चढून वर पोचेपर्यंत ऑइल १२० अंशांच्या पुढे जायचं आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायचा. या मे महिन्यात त्याच रस्त्यावर काटा १०५ च्या आसपास थांबला. दिवा शांत. पुण्याहून येताना खंबाटकी चढतानाही तेच. अर्थात टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.१५ मिमीला, तेही थंड इंजिनावर, आणि ठिणगीचं टायमिंग बरोबर लावलेलं आहे. ते चुकलं असेल तर पत्रे सोन्याचे लावले तरी गाडी तापणार. ऑइल जेमतेम अडीच लिटर बसतं, म्हणून मी ते वेळेआधीच बदलतो.

झाकण थोडं उघडं ठेवणाऱ्या पट्ट्याही लावून पाहिल्या. घाटात काट्यावर काहीही फरक नाही. पावसाळ्यात मात्र फरक दिसला! यवतेश्वरच्या आडव्या पावसात पाणी थेट प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर, आणि गाडी दोन सिलिंडरवर. त्याच आठवड्यात काढल्या.

चालवण्याबद्दल एक सांगतो. पंखा इंजिनाच्या वेगावर फिरतो, त्यामुळे चढाला तिसऱ्यात कण्हत नेण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळी पळवलेली बरी. शेजारी बसलेल्याला वाटतं आपण इंजिन मारतोय, वाटू दे. आणि डायनामोचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी थांबायचं. पट्टा तुटला असेल तर पंखाही बंद झालेला असतो. पट्टा अंगठ्याने दाबला की साधारण १५ मिमी दबावा.

तक्रारी आहेत. सायलेन्सरच्या बाजूचं नवीन रबर एका उन्हाळ्यातच कडक झालंय, दिवाळीआधी ती एक बाजू बदलावी लागेल. पोवई नाक्याला गर्दीत अडकल्यावर आयडलला पंखा हळू फिरतो आणि काटा चढतोच, त्याला या कामाने इलाज झालेला नाही. आणि गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू करायला गेलं की अजूनही कधीकधी पेट्रोल चढत नाही. पंपाकडची नळी इंजिनाच्या जवळून गेलीय. तिला आता उष्णतारोधक कव्हर घालणार आहे.