कुंडीच्या तळाशी खडे नकोत: लिंडा चॉकर-स्कॉट यांचा सल्ला दहा महिने गच्चीवर वापरल्यानंतर

वापर कुठे केला ते आधी. पुण्यातली तिसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची, चाळीसेक कुंड्या, शिवाय खाली अंगणातली सहा झाडं. जून ते मार्च, म्हणजे अख्खा पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळ्याचं तोंड.

लिंडा चॉकर-स्कॉट या अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या उद्यानविद्यातज्ज्ञ. आपल्या कृषी विद्यापीठांत विस्तार शिक्षण विभाग असतो, तशाच विभागात त्या आहेत आणि घरगुती बागवाल्यांसाठी लिहिणं, व्याख्यानं देणं हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग. ‘द इन्फॉर्म्ड गार्डनर’ हे पुस्तक २००८ साली आलं, पण त्यांच्या कित्येक माहितीपत्रिका विद्यापीठ फुकटच देतं. बागवाल्यांत रूढ असलेला एखादा समज घ्यायचा, त्याबद्दल प्रयोगांतून काय दिसलंय ते तपासायचं आणि शेवटी नेमकं काय करायचं ते थोडक्यात सांगायचं, अशी त्यांची रीत.

त्यांचा प्रदेश सिएटलच्या बाजूचा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो आणि त्यांचा बराचसा सल्ला जमिनीतल्या झाडांसाठी आहे. त्यामुळे कृती जशीच्या तशी उचलली तर पुण्यात फसगत होते. कारण समजून घेतलं तर तेच इथे उत्तम चालतं. दहा महिन्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो कुंडीच्या तळाच्या खड्यांमुळे. निचरा व्हावा म्हणून तळाशी दोन इंच विटांचे तुकडे किंवा खडी घालायची, असं आपल्याकडे प्रत्येक नर्सरीत सांगतात. चॉकर-स्कॉट याला स्पष्ट नकार देतात. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली गळतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी राहणारा चिखलाचा थर खड्यांमुळे नाहीसा होत नाही, फक्त दोन इंच वर सरकतो. बारा इंची कुंडीत वरचा एक इंच पाण्यासाठी सोडला, खाली दोन इंच खडे घातले, तर माती उरते नऊ इंच. त्यातले खालचे दोन इंच सतत ओले राहिले तर मुळांना श्वास घ्यायला सात इंच. खडे नसते तर नऊ मिळाले असते.

पटत नसेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण बुडवा आणि आडवा, तळहातावर सपाट धरा. गळायचं थांबेपर्यंत वाट पाहा. मग तोच स्पंज न पिळता लांबट बाजूने उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, पण उभा केल्यावर स्तंभाची उंची वाढली. तळाशी धरून ठेवलेल्या पाण्याचा थर मिश्रणावर ठरतो, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणूनच एकाच मिश्रणात सहा इंची पसरट कुंडी कुजते आणि चौदा इंची तरते. तुळस पसरट कुंडीत का मरते, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

मग करायचं काय? भोकावर एकच खापरी किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, तोही फक्त माती वाहून जाऊ नये म्हणून. जाडेभरडे कण तळाशी न घालता सगळ्या मिश्रणात कालवायचे. गच्चीवर चाललेलं प्रमाण असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग विटांचा चाळलेला चुरा, तीन ते सहा मिलिमीटरचा. विटांची बारीक धूळ चाळून टाकलीच पाहिजे, नाहीतर ती पोकळ्या बुजवते आणि चुरा घालून काही साधत नाही. कोकोपीटच्या पाच किलोच्या विटेचं साधारण सत्तर लिटर होतं. त्यात क्षार असतात, म्हणून दोनदा भिजवून पाणी काढून टाका. कुंडी सपाट फरशीवर टेकली तर भोकच बंद होतं. तिच्याखाली विटेचे तीन तुकडे हवेत. या एका गोष्टीने जुलैत जेवढी झाडं वाचली तेवढी दुसऱ्या कशानेच नाही.

दुसरा मुद्दा नर्सरीच्या रोपांचा. काळ्या पिशवीतलं रोप लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो गोळा कोकोपीटच्या मोकळ्या मिश्रणात तसाच ठेवला की एका कुंडीत दोन वेगळ्या जमिनी तयार होतात. पाऊस असताना गोळा गच्च ओला राहतो. एकदा वाळला की वरून घातलेलं पाणी बाजूच्या मोकळ्या मिश्रणातून सरळ खाली जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. भोकातून पाणी येताना दिसतं, पण झाड माना टाकतं. चॉकर-स्कॉट झाडाझुडपांची मुळं धुऊन, गोल गोल फिरलेली मुळं कापून, मोकळी पसरून लावायला सांगतात.

ही कृती इथे चालते, पण वेळ पाळूनच. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत, संध्याकाळी. गोळा बादलीत तासभर भिजवा, माती बोटांनी सोडवा, नळीचा जोर मंद ठेवा, एक तृतीयांश पानं कमी करा, मुळं एक मिनिटही उघडी वाळू देऊ नका, आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवा. जास्वंद, मोगरा, तगर यांनी तीन आठवड्यांत नवी पालवी धरली. बोगनवेलीवर हा प्रयोग करू नका. तिची मुळं नाजूक असतात, माती सुटताना तुटतात आणि मागे फारसं काही उरत नाही. पपईचंही तसंच. मार्चनंतर तर कोणत्याही झाडाची मुळं धुऊ नयेत. त्यांच्या लेखनात या बाबतीत आपल्या उन्हाळ्याला जागा नाही आणि ती असायचं कारणही नाही.

एप्सम सॉल्टबद्दलचं त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, टॉनिक नाही. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुन्या, खालच्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्यावर वाढवलेल्या मोगऱ्यात आणि गुलाबात हेच दिसतं, आणि तिथे एप्सम सॉल्टचा काही उपयोग नाही. टोमॅटोचं बूड काळं पडणं हा कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याचा प्रकार आहे, मुख्यतः पाणी कधी जास्त कधी कमी झाल्यामुळे. त्यावर मॅग्नेशियम ओतलं तर ते कॅल्शियमशीच स्पर्धा करतं. ऑक्टोबरात लावलेल्या टोमॅटोला पाण्याची वेळ ठरवून दिल्यावर पुढचे घोस स्वच्छ आले.

बोनमील म्हणजे फॉस्फरससाठी घालतात ती हाडांची पूड. तिच्या बाबतीत मात्र ‘घालू नका’ हा त्यांचा निष्कर्ष घ्या, कारण बदला. त्यांचं म्हणणं असं की बागांच्या मातीत फॉस्फरस बहुधा पुरेसा असतो आणि जादा घातला तर मुळांशी राहणारी उपकारक बुरशी मागे पडते, लोहही नीट उचललं जात नाही. महाराष्ट्राच्या जमिनींबद्दल ‘फॉस्फरस पुरेसा असतो’ असं सरसकट म्हणता येणार नाही. पण आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत बोनमील विरघळतच नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते. म्हणजे न घालणंच बरोबर. अंगणातल्या झाडांना काही घालण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्यावी.

भर उन्हात पाणी घातलं तर थेंबांनी पानं भाजतात, हा समज त्या खोडून काढतात आणि ते बरोबर आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गुळगुळीत पानं भाजली नाहीत. लव असलेल्या पानांवर थेंब पृष्ठभागापासून वर अडकतो, तिथेच थोडा धोका दिसला. पण गच्चीवर पसरलेल्या नळीत दुपारी जे पाणी तापतं ते खरंच भाजतं. आधी बादलीभर सोडून द्या.

अंगणात लावताना खड्ड्यात खत न भरता तीच माती परत भरा, असं त्या सांगतात. जिथे माती आहे तिथे हे योग्य. पण बंगल्याच्या प्लॉटवर वीतभर मातीखाली मुरूम किंवा राडारोडा असला तर परत भरायला माती असतेच कुठे! आणि त्यांचं तत्त्व इथे जास्तच लागू होतं: मुरमात खणलेला, खतमातीने भरलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा साठतो. खड्डा कडेने रुंद करा, उताराच्या बाजूला चर काढून पाण्याला वाट द्या.

राहिलं आच्छादन. झाडांच्या फांद्यांचे जाडे तुकडे हा त्यांचा आवडता उपाय. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. उसाचं पाचट वीतभर कापून किंवा नारळाच्या शेंड्या सोलून वापरल्या, कुंडीत दोन इंच, अंगणात चार. मातीच्या वरच ठेवायचं, आत मिसळायचं नाही; मिसळलं तर कुजताना नत्र खाऊन टाकतं, वर राहिलं तर तसं होत नाही. खोडाला टेकवू नका. मार्चमध्ये झाकलेल्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी पुरतं, उघड्यांना रोज लागतं. पावसाळ्यात मात्र त्याखाली गोगलगायी आणि पैसे (पुष्कळ पायांचे किडे) यांची वस्ती होते, कोवळी रोपं एका रात्रीत खाल्ली जातात. म्हणून कुंड्यांवरचं पाचट जूनच्या पहिल्या पावसाला काढून कोरड्या जागी पोत्यात भरून ठेवायचं आणि दसऱ्यानंतर, माती ओली असतानाच, परत पसरायचं.