कॅसेटवाला टीव्ही गेम आज घ्यावा का? जुन्या आठ-बिट सेटचा खोलून घेतलेला आढावा

छत्रपती संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या पथाऱ्यांवर अजूनही अधूनमधून पिवळट पडलेला टीव्ही गेम दिसतो. सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि गुंता झालेली वायर. विकणारा म्हणतो, "चालूच आहे, फक्त अडॉप्टर नाही." हा आढावा त्या सेटचा आहे. निकाल आधीच सांगतो: सेट घेण्यासारखा आहे, पण त्यावर छापलेल्या नावाकडे बघून घेऊ नका. आतली चिप, कॅसेटचा स्लॉट आणि बाहेरचा अडॉप्टर या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. चौथी गोष्ट म्हणजे घरात डबा टीव्ही, म्हणजे पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही, आहे का.

आपल्याकडे हे सेट मीडियाचा लिटल मास्टर, मायक्रो जीनियस, टर्मिनेटर अशा कितीतरी नावांनी आले. मूळ सगळ्यांचं एकच, जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आलेला निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम; आपल्याकडचे सेट त्याच्या कॉप्या. त्यातला प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची मेमरी अवघी २ केबी. पडद्यावर एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रं त्याला दाखवता येत नाहीत. म्हणूनच कॉन्ट्रा या गेममध्ये गर्दी झाली की माणसं आणि गोळ्या लुकलुकायला लागतात. सेट बिघडला समजून बरेच जण दुरुस्तीला नेतात, पण यात बिघाड काहीच नसतो.

आता आतली चिप. खालचे चार-पाच स्क्रू काढून झाकण उघडा. आत चाळीस पायांच्या दोन लांब आयसी दिसल्या तर समाधान माना. त्यांच्यावर बहुतेक वेळा यूए६५२७पी आणि यूए६५३८ असे नंबर असतात. यातला एक प्रोसेसर, दुसरा चित्र काढणारा. एखादी आयसी गेली तर दुसऱ्या मेलेल्या सेटमधली काढून बसवता येते. आयसींच्या जागी बोर्डावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा असेल तर सगळा सेट त्या एका गोळ्यात आहे. तो गेला की सेट संपला, दुरुस्ती नाही. गोळ्याचा सेट हातात घेतला तरी हलका लागतो. खेळायला तोही चालतो, पण संग्रहासाठी पैसे मोजायचे असतील तर आयसीवालाच घ्या. दुकानदार झाकण उघडू देत नसेल तर गोळ्याचा समजूनच भाव करा.

हे सेट आपल्या जुन्या टीव्हींच्या पाल (PAL) पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं दाखवणारे. जपानी मूळ सेट ६० दाखवतो. गेमचा वेग चित्रांच्या संख्येला बांधलेला असल्याने आपल्याकडचा मारिओ मूळ वेगापेक्षा साधारण सतरा टक्के हळू धावतो, आणि संगीताची लयही तेवढीच संथ होते. सूर मात्र जवळपास तोच राहतो, कारण प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि हा फरक साधारण एक टक्क्याचा आहे. इथल्या लोकांच्या कानात बसलेली मारिओची धून ही अशी संथ आहे. कुणी बाहेरून अस्सल जपानी सेट आणला तर तो वेगळाच वाटतो. शिवाय आपला जुना टीव्ही फक्त पालचे रंग ओळखणारा असेल तर त्यावर चित्र काळंपांढरं येतं. त्यामुळे मराठवाड्यातल्या घरात, डबा टीव्हीवर, पाल कॉपी जास्त सोयीची आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त सेट मरतात ते अडॉप्टरमुळे. जुने अडॉप्टर ट्रान्सफॉर्मरचे, वजनदार. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण भार नसताना मीटर लावला तर १२-१३ व्होल्ट दाखवतो. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर त्यातून ५ व्होल्ट काढतो आणि उरलेल्या व्होल्टेजची उष्णता करतो. सेटने ०.४ अँपिअर ओढले आणि ९ चे ५ झाले तर १.६ वॅट उष्णता होते. वरून १३ आले तर तीच ३.२ वॅट, म्हणजे दुप्पट. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ही उष्णता जायला जागाच उरत नाही. मग सेट वीस मिनिटं छान चालतो, चित्र गोठतं, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा चालतो. हे लक्षण दिसलं की आधी ७८०५ ला बोट लावून बघा. त्याच्या पाठीचा अॅल्युमिनियमचा पत्रा ढिला झालेला असतो किंवा मधली, उष्णता पत्र्याकडे नेणारी पांढरी पेस्ट वाळलेली असते. स्क्रू काढा, जुनी पेस्ट पुसा, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा आणि पत्रा घट्ट आवळा.

आपल्या भागात उलटाही त्रास आहे. रब्बीत डीपीवर मोटारी सुरू झाल्या की घरातली लाईट मंद होते. २३० चे १७० व्होल्ट झाले की ट्रान्सफॉर्मरच्या अडॉप्टरचे ९ व्होल्ट ६.६ वर येतात. ७८०५ ला नीट ५ द्यायला वरून किमान ७ लागतात. मग पडद्यावर आडवे पट्टे सरकतात, गेम मध्येच पहिल्या पानावर जातो, आणि दोष कॅसेटला दिला जातो. उपाय स्वस्त आहे: १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, ९ व्होल्ट १ अँपिअरचा एसएमपीएस अडॉप्टर घ्या. बाहेर १७० असोत की २४०, तो ९ च देतो.

पण नवा अडॉप्टर लावण्याआधी पोलॅरिटी, म्हणजे कुठली बाजू पॉझिटिव्ह आणि कुठली निगेटिव्ह, ते बघितलंच पाहिजे. मूळ फॅमिकॉमचा अडॉप्टर १० व्होल्टचा आणि त्याची आतली पिन निगेटिव्ह. आज बाजारात मिळणारे बहुतेक अडॉप्टर आत पॉझिटिव्हचे. कॉप्यांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. सॉकेटजवळचं चिन्ह पुसलं असेल तर मल्टीमीटर बीपवर ठेवा, एक टोक ७८०५ च्या मधल्या पायाला लावा आणि दुसरं आधी सॉकेटच्या आतल्या पिनेला, मग बाहेरच्या पत्तीला. जी बीप देईल ती निगेटिव्ह. दोन्हीकडे बीप नाही आली तर मध्ये बहुधा चार डायोडांचा ब्रिज आहे, मग पोलॅरिटीची काळजी नाही. उलटा अडॉप्टर लावून चालू केलेल्या सेटमध्ये ७८०५ आणि त्याच्या अलीकडचा कपॅसिटर आधी जातात. पॉवर दिल्यावर ७८०५ ची अक्षरं आपल्याकडे धरली तर डावा पाय आवक, मधला ग्राउंड, उजवा जावक. जावकीवर ४.८ ते ५.२ व्होल्ट आले की पुरे. तो बदलायला तीन डागांचं (सोल्डरिंगचं) काम आहे, आणि नवा ७८०५ चहा-पोह्याच्या पैशात मिळतो.

अडॉप्टर जुना ट्रान्सफॉर्मरचाच असेल, घरात व्होल्टेज पुरेसं आहे, ७८०५ थंड आहे, तरीही चित्रात जाड पट्टे हळूहळू वर सरकत असतील तर आवकीवरचा मोठा कपॅसिटर बहुधा वाळलाय. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा लावा. कपॅसिटरवरची पट्टी निगेटिव्हची असते, ती बोर्डावरच्या खुणेला जुळवा.

आता स्लॉट. काळ्या मातीची धूळ बारीक आणि चिकट असते, ती साठ पिनांच्या स्लॉटमध्ये बसली की पावसाळ्यात ओल धरते. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सगळ्यांना आहे, आणि फुंकर मारल्यावर गेम चालतोही. पण चालतो तो कॅसेट काढून परत घातल्यामुळे. पिना त्या घासण्याने साफ होतात. तोंडाची वाफ तांब्यावर बसून हिरवट थर धरते. फुंकर बंदच करा.

लक्षणावरून दोष ओळखता येतो. सेट चालू केल्यावर नुसता एका रंगाचा पडदा आला, आवाज नाही, तर गेमचा प्रोग्राम वाचणाऱ्या पिना लागत नाहीत. संगीत बरोबर वाजतंय, बटण दाबलं की खेळ पुढे सरकतोय, पण मारिओच्या जागी तुकडे आणि उलटीसुलटी अक्षरं दिसतायत, तर चित्रांच्या पिनांपैकी एखादी सुटली आहे. दोन्हीसाठी साफसफाई एकच. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या, सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. कॅसेटच्या पट्ट्या आधी शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या घासा, कण झटका, मग कापसाला अल्कोहोल लावून पुसा. बोळा काळा निघायचा थांबेपर्यंत. सँडपेपर अजिबात नको, पट्टीवरचा मुलामा निघून उघडं तांबं राहतं. स्लॉटसाठी जुन्या एटीएम कार्डाला सुती बनियनच्या कापडाचा एकच पदर गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि सेट बंद असताना दहा-बारा वेळा सरळ आत-बाहेर करा. दोन पदर केले तर जाडी वाढते, पिना फाकतात, आणि मग एकही कॅसेट घट्ट बसत नाही. फाकलेली पिन सुईच्या टोकाने केसभर आत ओढता येते, पण एकेक करून, उजेडात, सावकाश.

कॅसेटबद्दल थोडक्यात. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच असतात, तेच पुढच्या पुढच्या लेव्हलपासून परत परत दिलेले. तरी सुरुवातीला अशीच एक घ्या, कारण सेट तपासायला ती उत्तम. टँकवाला बॅटल सिटी लावून दोन्ही रिमोट एकाच वेळी तपासता येतात, रोड फायटरवर बटणांची पकड कळते. एकाच गेमची सुटी कॅसेट मिळाली तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

रिमोटमध्ये पाच वायरी असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नलच्या तीन. रिमोटचं एकही बटण चालत नसेल तर वायर तुटली आहे, बहुतेक रिमोटच्या मानेपाशी. तिथून दोन इंच कापून टाका आणि रंगाला रंग जुळवून परत डाग द्या. एखादंच बटण जोरात दाबावं लागत असेल तर रबराखालची काळी टिकली आणि बोर्डावरची जाळी अल्कोहोलने पुसा.

बंदुकीसाठी मात्र एलईडी टीव्हीवर पैसे वाया घालवू नका. डक हंटमध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधतो. पिक्चर ट्यूब ओळीमागून ओळ लगेच उजळवते, एलईडी टीव्ही चित्र आधी साठवतो, सुधारतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते. नेम कितीही धरा, बदक पडत नाही. मारिओतही हा उशीर जाणवतो, उडी उशिरा लागते. एलईडीवरच खेळायचं असेल तर गेम मोड चालू करा, थोडा फरक पडतो.

डबा टीव्हीत आपल्या भागात व्हिडिओकॉनचे सेट हमखास समोर येतात. त्यांचा कारखाना पैठण रस्त्यावर चितेगावलाच होता. २१ इंची, पुढे किंवा मागे पिवळी-पांढरी एव्ही पिन असलेला बघा. फक्त अँटेनाची पिन असेल तरी चालतो, पण चित्रात मुंग्या येतात. आधी पांढऱ्या पडद्यावर कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग आहे का ते बघा. चालू होताना मागून येणारी घरघर बहुधा डाग काढणाऱ्या कॉइलची असते, ती चांगली खूण. टीव्हीचं मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. ट्यूबवर वीस हजारांवर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. भंगारवाले आतल्या तांब्यासाठी हे टीव्ही फोडतात, त्यामुळे चांगला सेट दिसला तर टाळाटाळ करू नका.

पिवळेपणा घालवायचा असेल तर पार्लरच्या दुकानात मिळणारा ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम लागते. सेट पूर्ण सुटा करा, बोर्ड आणि स्टिकर बाजूला काढा, हातमोजे घाला. फक्त प्लास्टिकला सारखा थर द्या, वर पातळ प्लास्टिक गुंडाळा आणि उन्हात ठेवा. तासातासाला फिरवा आणि क्रीम परत सारखी करा, नाहीतर ढगांसारखे पांढरे पट्टे उठतात. हे काम दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत, सकाळच्या उन्हात करा. एप्रिल-मेच्या दुपारी झाकण वाकतं आणि नंतर स्क्रूची भोकं जुळत नाहीत. काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो, तेव्हा यासाठी कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

आत गेम भरलेले, कॅसेटचा स्लॉट नसलेले नवे छोटे सेटही मिळतात. लहान मुलांना दोन दिवस खेळायला ठीक आहेत. पण अनेकांत आवाज बेसूर असतो आणि आतलं काही बदलता येत नाही. त्याऐवजी बंद पडलेला, आयसीवाला जुना सेट अर्ध्या भावात मिळत असेल तर तो घ्या, कारण वरच्या दुरुस्त्यांपैकी एक-दोन करून बरेच सेट चालू होतात.

घेतल्यावर तो पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून ठेवा, आणि स्लॉटमध्ये एखादी कॅसेट घालूनच ठेवा म्हणजे आत धूळ जात नाही. विजा कडाडायला लागल्या की अडॉप्टर आणि टीव्हीकडे जाणारी वायर दोन्ही काढा.