एक्स्टेन्शन ट्यूब, क्लोज-अप भिंग की मॅक्रो लेन्स? फुलांमागे काढलेल्या दोन पावसाळ्यांचा अनुभव

घर साताऱ्यात असल्यामुळे फुलांचं कास पठार मला तासाभरावर. तरी पहिली तीन-चार वर्षं मी तिथून नुसते गालिच्यांचे फोटो आणत होते. लांबवर पसरलेला जांभळा रंग, वर ढग, झालं. तो रंग ज्याचा, ते सीतेची आसवं हे फूल जेमतेम नखाएवढं. पाणी झिरपणाऱ्या जांभ्या दगडावर, गेंदाच्या पांढऱ्या बटणांमध्ये, दोऱ्याएवढ्या काडीवर ते उभं असतं. त्याच्या जमिनीखालच्या तंतूंवर बारीक फुगे असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात, हे कळल्यापासून गालिच्याच्या फोटोवर समाधान होईना. मला एकच फूल हवं होतं, चौकट भरून.

कॅमेरा कॅनन ७००डी. सोबत दोन लेन्स: ५० मिमी एफ/१.८ एसटीएम आणि ५५-२५० एसटीएम, म्हणजे लांबचं जवळ आणणारा टेलीझूम (एसटीएम हा लेन्समधल्या फोकस मोटरचा प्रकार). मॅक्रो लेन्सचं, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपणाऱ्या लेन्सचं, बजेट नव्हतं, म्हणून एक्स्टेन्शन ट्यूबपासून सुरुवात केली. आज दोन पावसाळे झाले. ट्यूब, क्लोज-अप भिंग (लेन्सच्या पुढे बसवायचं) आणि शेवटी जुनी मॅक्रो लेन्स असं तिन्ही वापरून झालं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ट्यूबमध्ये काच नसते, ती कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी नुसती पोकळ कडी. लेन्स सेन्सरपासून पुढे सरकते, त्यामुळे जवळचं फोकस होतं आणि लांबचं होईनासं होतं. हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा), तेवढं मोठेपण, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या किती पट ते, वाढतं. ५० मिमीला ३६ मिमीची ट्यूब लावली की ०.७२ वाढतं. माझी ५० मुळात ०.२१ पर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ १:१. एक सेंटिमीटरचं फूल सेन्सरवर एक सेंटिमीटरचंच पडतं. तीच ट्यूब २५० मिमीला लावली तर जेमतेम ०.१४ ची भर. ‘टेलीला ट्यूब लावली, काही फरकच पडला नाही’ असं पुष्कळजण म्हणतात त्याचं कारण हे. उलट १८-५५ झूम लेन्सला १८ वर ३६ ची ट्यूब लावली तर फोकस लेन्सच्या आतच पडतो, बाहेर काहीच दिसत नाही.

पहिली ट्यूब घेतली ती चार-पाचशे रुपयांची, कॅमेरा आणि लेन्स जोडणारे विजेचे संपर्क नसलेली. ही कॅननवाल्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅननच्या लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत घेणारं भोक) कॅमेऱ्याच्या आज्ञेवर चालतं, संपर्क तुटला की ते पूर्ण उघडं राहतं. एक युक्ती आहे: लेन्स आधी थेट कॅमेऱ्याला लावून एफ/११ ठेवायचं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), डेप्थ ऑफ फील्डचं (किती खोलीपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणारं) बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची, की पाती मिटलेली राहतात. मग ट्यूबवर लावायची. पण व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. शिवाय एसटीएम लेन्सची फोकस रिंगसुद्धा विजेवर चालते, त्यामुळे ती कितीही फिरवली तरी आत काही हलत नाही. जुन्या, हाताने ॲपर्चर फिरवायच्या लेन्स ज्यांच्याकडे आहेत त्यांना मात्र ही स्वस्त ट्यूब उत्तम.

दुसरा संच घेतला तो संपर्क असलेला, १२, २० आणि ३६ मिमी. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेला पहिला नग इतका सैल होता की लेन्स जरा हलली की पडद्यावर ‘एरर ०१’. परत केला, दुसरा नग ठीक आला. घेताना दोन गोष्टी तपासा. लेन्स लावून हलक्या हाताने डुलवून बघा, आणि ट्यूबच्या आत टॉर्च मारून बघा. आतली भिंत चकाकत असेल तर फोटोवर धुरकट पांढरा थर येतो. मी आत काळं मखमली कापड चिकटवलं, फरक लगेच दिसला.

घरच्या गॅलरीत ह्या संचाने मला फार आनंद दिला. जास्वंदीच्या दांड्याच्या टोकाला पाच लाल मखमली गोंडे असतात, त्यांच्यावर पिवळे परागकण अडकतात. तिन्ही ट्यूब जोडून, म्हणजे ६८ मिमी, ५० वर दीडपटीच्या पुढे गेले, आणि फोटो मोठा करून बघितला तर प्रत्येक कण गोल आणि त्याला काटे! मी आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “अगं, रोज देवाला वाहतो ते हेच?”

पठारावर मात्र त्याच ट्यूबने मला रडवलं. १:१ ला ५० मिमीची पुढची काच फुलापासून चार-पाच बोटांवर येते. ढगाळ हवेतला मुळात कमी उजेड, त्यात लेन्सचीच सावली फुलावर. वर १:१ ला ट्यूब दोन स्टॉप उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे जिथे १/२०० सेकंदाचा शटर मिळायला हवा तिथे १/५०, आणि वारा तर थांबतच नाही. गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीस एका ओल्या उतारावर दवबिंदू नावाच्या रोपाचा फोटो घेत होते. हीसुद्धा कीटक खाणारी वनस्पती, पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. फोकससाठी पुढे सरकले आणि लेन्सची कड पानाला लागली. थेंब काचेवर आले, पान दुमडलं. एवढंसं रोप, त्याचं अख्खं आयुष्य पावसाळ्यापुरतं, आणि मी त्याच्या पोटावर पाय दिल्यासारखं केलं. मला फार वाईट वाटलं. कॅमेरा बंद केला आणि परत आले.

तेव्हापासून लेन्स निवडताना मी पहिला प्रश्न वेगळा विचारते: काच फुलापासून किती लांब राहील? किती मोठं दिसेल, हे त्यानंतर. कासला पायवाट सोडून फुलांत शिरायचं नसतं, आणि ते योग्यच आहे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचं नाव आलं आणि नंतर गर्दी किती वाढली ते आम्ही साताऱ्याचे लोक बघतोच आहोत. वाटेच्या कडेला बसून जे हाती लागेल तेच आपलं.

ह्या प्रश्नाचं स्वस्त उत्तर म्हणजे रेनॉक्स कंपनीचं डीसीआर-१५० हे क्लोज-अप भिंग. हे ४.८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप), चिमट्यासारख्या पकडीने ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या लेन्सवर बसतं. माझ्या ५५-२५० चा व्यास ५८, त्यामुळे चट्कन बसतं नि चट्कन निघतं. (५० एसटीएमचा व्यास ४९, तिला ही पकड बसत नाही.) लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी लांबच्या फोकसवर, ठेवली की फोकस भिंगापासून सुमारे २० सेंटिमीटरवर येतो आणि झूम केलं तरी तो तिथेच राहतो. २५० वर १.२ पट, १२५ वर ०.६ पट. म्हणजे दगडावर एका जागी बसायचं, अंतर एकदा जमवायचं आणि चौकट झूमने ठरवायची. ह्या सोयीची सवय लागली की ट्यूब काढा-घाला करणं नको वाटतं, तेही पावसात, सेन्सर उघडा टाकून. उजेडही ट्यूबसारखा जात नाही. उणं इतकंच की कडा थोड्या मऊ येतात आणि झूम फार मागे घेतला तर कोपरे काळवंडतात. मी एफ/८ ते एफ/११ ठेवते, मधलं फूल स्वच्छ येतं. डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचं, त्यात अंतर १२-१३ सेंटिमीटरच उरतं. किड्यांच्या डोळ्यांसाठी ते घ्या, फुलांसाठी १५० पुरे.

यंदा जूनमध्ये कॅननची ईएफ १०० मिमी एफ/२.८ मॅक्रो यूएसएम, लाल पट्टी (कॅननच्या महागड्या लेन्सची खूण) नसलेली जुनी आवृत्ती, वापरलेली घेतली. १:१ ला पुढची काच फुलापासून साधारण १५ सेंटिमीटर, फोकस करताना नळी लांबत नाही, वजन ६०० ग्रॅम. कडेपासून कडेपर्यंतची स्वच्छता रेनॉक्समध्ये नाही ती हिच्यात आहे. गेंदाच्या एका डोक्यातली शेकडो फुलं वेगवेगळी दिसली तेव्हा पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. हिच्यात स्टॅबिलायझर नाही, पण १:१ च्या आसपास हाताच्या थरथरीपेक्षा वाराच जास्त त्रास देतो, त्यामुळे मला त्याची उणीव भासली नाही.

लेन्स कुठलीही घ्या, एक अडचण सगळीकडे सारखीच. १:१ ला एफ/८ वर नीट दिसणारा थर अर्धा-पाऊण मिलिमीटरचा. एफ/२२ केलं तर थर वाढतो, पण सगळंच मऊ पडतं, कारण १:१ ला एफ/११ हेच प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं. म्हणून आता मी निम्म्या मोठेपणावर जास्त थांबते. सोनकीचं, तेरड्याचं, मिकी माऊसचं फूल चौकटीत बसायला तेवढं पुरतं, आणि मागची हिरवळही थोडी दिसते. फोकस रिंगने जमवायच्या भानगडीत पडत नाही. रिंग ठरवून ठेवते, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं दृश्य) दहापट करते आणि स्वतः पुढे-मागे डुलते. ७००डीचा फिरणारा पडदा इथे फार कामाचा, चिखलात आडवं पडावं लागत नाही. वाऱ्याच्या बाजूला आई छत्री धरते, पांढरी, म्हणजे उजेडही अडत नाही.

कोणी विचारलं तर माझं उत्तर असं. घरी टेलीझूम असेल आणि फुलंच काढायची असतील तर डीसीआर-१५० घ्या, ट्यूबच्या वाटेला जाऊ नका. फक्त ५० असेल आणि गॅलरीतल्या कुंड्यांवर शिकायचं असेल तर संपर्कवाल्या ट्यूब घ्या, खूप शिकवतात. दोन हंगामांनंतरही हौस टिकली तर वापरलेली १०० मिमी शोधा, घेण्याआधी ऑटोफोकस चालतो का आणि आत बुरशी आहे का ते बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरतेच. मी सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते.

ट्यूब विकल्या नाहीत. १०० मिमीला ३६ ची जोडून कधीतरी जास्वंदीकडे जाते. दवबिंदूचा तो राहिलेला फोटो ह्या सप्टेंबरमध्ये मिळाला, रेनॉक्सने, वाटेवर बसून, वीतभर लांबून. पानावर एक चिलट अडकलं होतं आणि पान त्याच्याभोवती वळायला लागलं होतं.