नतालिया थिओडोरिडूंचे टेक्स्ट गेम्स: काही महिने खेळून झाल्यावर

बरेच महिने हे गेम्स फोनवर आहेत, आता लिहायला हरकत नाही. हे लिहिणारे थिओडोरिडू मूळचे ग्रीसचे, लंडनच्या सोआस विद्यापीठातून पीएचडी, आणि 'द बर्डिंग' नावाच्या कथेला २०१८चं वर्ल्ड फँटसी अवॉर्ड. ती कथा ऑनलाइन फुकट आहे, माणसांचे पक्षी व्हायला लागतात त्याची, वाचा नक्की. पण मी आलो ते गेम्समुळे.

सुरुवात 'रेंट-अ-व्हाइस'पासून करा. तुम्ही प्रायव्हेट डिटेक्टिव्ह, लोक पैसे भरून दुसऱ्याची व्यसनं व्हर्च्युअली अनुभवतायत आणि त्यातले कस्टमर मरायला लागलेत. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर आणि मधे मधे पुढे काय करायचं याचे पर्याय, साधारण दीड लाख शब्द, आणि एका खेपेला त्यातले थोडेच दिसतात. नेब्युला या सायन्स फिक्शन-फँटसीच्या पुरस्काराने गेम रायटिंगचा विभाग सुरू केला त्या पहिल्याच वर्षी हा फायनल यादीत होता, शेजारी कोण तर 'गॉड ऑफ वॉर', तो मोठा अ‍ॅक्शन गेम! बक्षीस नेटफ्लिक्सच्या 'बँडरस्नॅच' या इंटरअ‍ॅक्टिव्ह सिनेमाने नेलं, पण यादीत ही जोडी बघून मजा वाटली.

यांची खासियत काय तर पर्याय सरळ चांगला-वाईट असा नसतो, काहीही निवडा कुणाचंतरी नुकसान होतंच आणि ते तुमच्या हातून झालेलं असतं, वर मागे जायचं बटण नाही. आधी वैताग येतो. मग आपण बोट टेकवायच्या आधी थांबून विचार करायला लागतो, आणि गेम तिथे जिंकतो.

'अ‍ॅन ओडिसी'मध्ये ट्रॉयचं युद्ध संपवून घरी, इथाका बेटावर पोचायचंय, आणि ग्रीक महाकाव्यातला नायक ओडिसियस इथे बाईसुद्धा असू शकते. समुद्रातले राक्षस वगैरे आहेतच, पण मला जास्त लागलं ते सोबतच्या माणसांचं ओझं. हा मी परत परत खेळलो.

व्हॅम्पायरवाला 'सिन्स ऑफ द सायर्स' अथेन्समध्ये घडतो, वातावरण मस्त, पण तो 'व्हॅम्पायर: द मास्करेड' या जुन्या गेमच्या विश्वातला आहे, तिथले क्लॅन (व्हॅम्पायरांची घराणी), प्रिन्स (शहराचा व्हॅम्पायर प्रमुख) वगैरे आधी माहीत नसतील तर सुरुवातीला डोकं गरगरतं. मी मधेच सोडून नंतर पुन्हा धरला.

इंग्रजी तसं सोपं आहे, वाक्यं छोटी छोटी. पहिली काही प्रकरणं फुकट असतात, तेवढ्यात जमतंय का कळेल. झटपट अ‍ॅक्शन पाहिजे असेल तर या वाटेला जाऊ नका. २०२५मध्ये त्यांची 'सावर चेरी' कादंबरी आलीये, ब्लूबिअर्डच्या, म्हणजे बायकांना मारणाऱ्या नवऱ्याच्या जुन्या युरोपियन गोष्टीवरची, ती सध्या वाचतोय, तिच्यात निवडायला काही नाही त्यामुळे जरा चुकल्यासारखं होतंय.